प्रशिक्षणार्थी कुटुंबवैद्यांचे प्रकल्पकार्य : मार्गदर्शन आणि मूल्यमापन

प्रास्ताविक

पदवी हाती आली म्हणजे वैद्य तयार झाला, असे आपल्यापैकी कोणीही मानीत नाही. ग्रंथातील ज्ञान आणि दवाखान्यातील व्यवहार यांमधील अंतर ज्येष्ठ वैद्यांच्या शेजारी बसूनच भरून काढावे लागते. या काळात शिकाऊ वैद्य रुग्ण पाहतो, केसपेपर लिहितो, नाडी-जिह्वा परीक्षणाचा सराव करतो, औषधे देतो. परंतु ज्या दवाखान्यात तो बसतो, त्या दवाखान्याच्या कामाचा एखादा लहानसा भाग निवडून तो मोजावा, त्यातील उणीव शोधावी व ती दूर करण्याचा पद्धतशीर प्रयत्न करावा, हे काम त्याच्याकडून क्वचितच करवून घेतले जाते. प्रकल्प म्हटला की चार ग्रंथांतून उतारे काढून बांधलेली वही, अशीच पुष्कळांची समजूत आहे.

ब्रिटनमध्ये कुटुंबवैद्याच्या, म्हणजे तेथील भाषेत जी.पी.च्या प्रशिक्षणात अशा प्रकल्पाला सुमारे तीन दशकांपासून निश्चित स्थान आहे. त्या काळात त्याची रचना, परीक्षणाची पद्धत आणि मार्गदर्शकाची भूमिका यांत अनेक बदल झाले. तेथील वैद्यक वेगळे, शासकीय व्यवस्था वेगळी, हे खरे. तथापि शिकाऊ वैद्याला स्वतःच्या कामाकडे तटस्थपणे पाहण्यास कसे शिकवावे, हा प्रश्न सर्व पद्धतींना समान आहे. आपले अनेक सभासद आंतरवासी विद्यार्थ्यांना आणि नवोदित वैद्यांना आपल्या दवाखान्यात बसवून घेतात. औषधविक्रेत्या बंधूंकडेही हे तरुण ये-जा करीत असतात. या दृष्टीने प्रस्तुत लेखात त्या पद्धतीचा परिचय करून देऊन, त्यातील आपल्या उपयोगाचा भाग कोणता याचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी : केवळ सहीवर मिळणारे प्रमाणपत्र

ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा १९४८ साली सुरू झाली. त्या सेवेत जी.पी. हा रुग्णाचा पहिला वैद्य. १९५२ साली जी.पी. मंडळींचे स्वतंत्र कॉलेज स्थापन झाले, आणि कुटुंबवैद्यकासाठी वेगळे प्रशिक्षण असावे ही मागणी त्याने लावून धरली. १९८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत तीन वर्षांचे प्रशिक्षण कायद्याने सक्तीचे झाले. त्यातील काही काळ रुग्णालयात आणि उरलेला काळ मान्यताप्राप्त प्रशिक्षक जी.पी.च्या दवाखान्यात घालवावयाचा, अशी योजना होती.

परंतु प्रशिक्षणाच्या अखेरीस परीक्षा नव्हती. प्रशिक्षकाने समाधानकारक पूर्ततेच्या पत्रावर सही केली की काम झाले. येथेच अडचण होती. वर्षभर आपल्या शेजारच्या खोलीत बसलेला, आपल्या घरी जेवलेला, आपले रुग्ण सांभाळणारा तरुण पुरेसा तयार नाही, असे लिहून देणे कोणत्याही गुरूला जड जाते. सही नाकारण्याचे प्रसंग फारच विरळ घडत. प्रशिक्षकाच्या मनात शंका असली तरी तिला आधार देणारा लेखी पुरावा हाताशी नसे. त्याचा धोका अर्थात रुग्णांना होता. आणि अपुऱ्या तयारीने व्यवसायात पडणाऱ्या त्या तरुणालाही होता.

यावर उपाय म्हणून १९९६ पासून अंतिम मूल्यमापनाची पद्धत सुरू झाली आणि पुढे तिला कायद्याचा आधार मिळाला. तिचे चार भाग होते : बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा, रुग्णांशी झालेल्या सल्लामसलतीच्या चित्रफिती, प्रशिक्षकाचा अहवाल आणि प्रत्यक्ष कामावर आधारित लेखी प्रकल्प. या चौथ्या भागासाठी बहुतेक प्रशिक्षणार्थी वैद्यकीय ऑडिट निवडीत. संशोधन, वाङ्मयाचा आढावा अशा अन्य स्वरूपाच्या प्रकल्पांनाही पुढे वेगळ्या गुणपत्रिकेने वाव देण्यात आला.

ऑडिट हा शब्द ऐकताच आपल्यापुढे हिशेबतपासनीस उभा राहतो. वैद्यकीय ऑडिटचा अर्थ मात्र एवढाच, की काय व्हावयास हवे हे आधी ठरवावे, प्रत्यक्षात काय होते ते मोजावे, दोहोंतील अंतर पाहून बदल करावा आणि पुन्हा मोजावे. हे चक्र पूर्ण झाले तरच ऑडिट पूर्ण झाले.

प्रकल्पाचे आठ निकष

या लेखी प्रकल्पाची गुणपत्रिका स्कॉटलंडच्या पश्चिम भागातील जी.पी. शिक्षकांनी तयार केली. तिच्या पहिल्या आवृत्तीत पाच निकष होते आणि बदलाचा तपशीलवार प्रस्ताव मांडला की पुरे होत असे. तो बदल अमलात आणण्याची अट नव्हती. नंतरच्या आवृत्तीत निकष आठ झाले आणि पूर्ण चक्राची अपेक्षा आली. ते आठ निकष असे :

१. विषयाच्या निवडीचे कारण. हा विषय या दवाखान्यासाठी का महत्त्वाचा आहे?
२. कसोटी. चांगल्या कामाची ओळख पटविणारे मोजता येण्याजोगे विधान.
३. मानक. ती कसोटी शेकडा किती रुग्णांत पूर्ण व्हावी?
४. पूर्वतयारी व नियोजन. कोणाशी चर्चा केली, कोणाची मदत घेतली?
५. पहिली मोजणी, आणि तिची मानकाशी तुलना.
६. प्रत्यक्ष केलेला बदल.
७. दुसरी मोजणी.
८. निष्कर्ष. काय साधले, काय राहिले?

या यादीत भाषासौष्ठवाला, पृष्ठसंख्येला किंवा संदर्भग्रंथांच्या संख्येला स्थान नाही. तसेच निष्कर्ष अनुकूल असावा, अशीही अट नाही. दुसऱ्या मोजणीत सुधारणा दिसली नाही, परंतु ती का दिसली नाही याचा प्रामाणिक विचार केला असेल, तर प्रकल्प उत्तीर्ण होऊ शकतो. ही तरतूद फार महत्त्वाची आहे. अनुकूल निष्कर्षावरच यश अवलंबून ठेवले, तर विद्यार्थी आकडे घडवावयास शिकतो. आणि एकदा ही विद्या अंगी बाणली की ती पुढे रुग्णाच्या केसपेपरवरही उतरते.

एक उदाहरण

निकषांचा अर्थ उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. मेथोट्रेक्सेट हे औषध आमवाताच्या व अन्य काही विकारांच्या रुग्णांना आधुनिक वैद्यकात आठवड्यातून एकदाच देतात. ते चुकून रोज घेतले गेल्यास रक्तपेशींची निर्मिती मंदावते, मुखपाक होतो आणि प्रसंगी रुग्ण दगावतो. अशा घटना घडल्यामुळे ब्रिटनमधील रुग्णसुरक्षेच्या राष्ट्रीय यंत्रणेने २००४ साली याविषयी सावधानतेच्या सूचना काढल्या होत्या. हे औषध घेणाऱ्या रुग्णांच्या रक्ताची तपासणीही नियमाने करावी लागते. मात्रा स्थिर झाल्यावरदेखील साधारणतः दर १२ आठवड्यांनी ती व्हावी, असा तेथील तज्ज्ञांचा दंडक आहे.

समजा, एका प्रशिक्षणार्थ्याने हा विषय निवडला. त्याची पहिली कसोटी अशी : हे औषध घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या चिठ्ठीवर औषध घेण्याचा वार स्पष्ट लिहिलेला असावा. दुसरी कसोटी : मागील १२ आठवड्यांत रक्ततपासणी झालेली असावी. चूक जीवघेणी ठरू शकते म्हणून पहिल्या कसोटीचे मानक त्याने शेकडा शंभर ठरविले. दुसऱ्या कसोटीसाठी मात्र रुग्ण परगावी जातो, तपासणी चुकवितो, हे लक्षात घेऊन शेकडा ९० धरले.

समजा, दवाखान्यात असे २० रुग्ण निघाले. त्यांपैकी १४ जणांच्या चिठ्ठीवर वार लिहिलेला आढळला. सहा जणांच्या चिठ्ठीवर केवळ 'सांगितल्याप्रमाणे' एवढेच होते. प्रशिक्षणार्थ्याने स्वागतिका, परिचारिका, शेजारचा औषधविक्रेता आणि दवाखान्यातील सर्व डॉक्टर यांना एकत्र बसवून ही संख्या पुढे ठेवली. संगणकावरील चिठ्ठीत वार लिहिल्याशिवाय ती छापली जाऊ नये, आणि वार नसलेली चिठ्ठी औषधविक्रेत्याने परत पाठवावी, असे ठरले. तीन महिन्यांनी पुन्हा मोजले तेव्हा १८ चिठ्ठ्यांवर वार आढळला. दोन चिठ्ठ्या जुन्या नमुन्यातून हाताने लिहिलेल्या होत्या.

येथे चौदावरून अठरावर, म्हणजे शेकडा ७० वरून ९० वर मजल गेली. तरीही मानक पूर्ण झाले नाही, असेच प्रशिक्षणार्थ्याने लिहिले पाहिजे. 'प्रकल्प यशस्वी झाला' असे लिहून तो थांबला, तर आठवा निकष त्याला समजला नाही. त्या दोन चिठ्ठ्या कोणत्या मार्गाने बाहेर पडल्या आणि तो मार्ग कसा बंद करावयाचा, हे लिहिले तर समजला. शिवाय वीस रुग्णांच्या मोजणीवरून सर्व देशातील रुग्णांविषयी विधान करण्याचा मोह त्याने टाळला पाहिजे. हे संशोधन नव्हे. आपल्या घरचा केर काढण्याचे काम आहे.

परीक्षक कोण?

या पद्धतीत मार्गदर्शक आणि परीक्षक वेगवेगळे ठेवले होते. प्रकल्प दोन परीक्षक स्वतंत्रपणे वाचीत. दोघांपैकी एकालाही तो अपुरा वाटला, तर तो दुसऱ्या पातळीवरील परीक्षकांकडे जाई. पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक नव्हते. स्वतंत्रपणे व्यवसाय करण्यास लागणारी किमान पात्रता या कामात दिसते किंवा नाही, एवढाच प्रश्न होता. आठही निकष दिसले तर उत्तीर्ण. एखादा निकष नसेल तर कोणता नाही ते सांगून सुधारणेची संधी.

मार्गदर्शकाला गुण द्यावयाचे नसल्यामुळे शिष्य त्याच्याजवळ आपली अडचण मोकळेपणाने बोलू शकत असे. आणि परीक्षक शिष्याला ओळखत नसल्यामुळे त्याला कागदावर जे आहे तेवढ्यावरच निर्णय द्यावा लागे. एकाच माणसाने दोन्ही भूमिका वठविल्या की एक तर मार्गदर्शन तरी सावध होते, किंवा परीक्षा तरी ढिली पडते.

अर्थात या पद्धतीतही दोष होते. वर्षाच्या अखेरीस एक मोठा लेखी प्रकल्प पाठविणे म्हणजे एक विधी उरकणे, असे पुष्कळांना वाटू लागले. पदरी उत्तीर्णतेचा शेरा पडला की ऑडिटचे नाव पुन्हा काढावयाचे नाही, अशी वृत्ती दिसू लागली. २००७ साली परीक्षांची फेररचना झाली तेव्हा हा स्वतंत्र लेखी भाग गेला आणि दवाखान्यातील दैनंदिन कामाचे सतत होणारे मूल्यमापन व त्याची संगणकीय नोंदवही यांवर भर आला. २०२० साली मूल्यमापनाची पुन्हा मांडणी झाली, तेव्हा गुणवत्तासुधारणेचा प्रकल्प परत आला. आता तो प्रशिक्षणाच्या पहिल्या दोन वर्षांत, जी.पी.च्या दवाखान्यात असतानाच करावयाचा असतो, आणि अन्य वर्षीही सुधारणेचे काही ना काही काम दाखवावे लागते. एकच मोठा बदल करून थांबण्यापेक्षा लहान बदल करणे, त्याचा परिणाम पाहणे, त्यावरून पुढचा बदल ठरविणे, अशी लहान-लहान आवर्तने यात अपेक्षित असतात. प्रशिक्षणार्थी प्रथम स्वतःच्या कामाचे मूल्यमापन लिहितो आणि नंतर मार्गदर्शक आपले लिहितो. वर्षाच्या शेवटी संपूर्ण नोंदवही मार्गदर्शकाहून वेगळ्या समितीपुढे जाते. म्हणजे दोन भूमिका वेगळ्या ठेवण्याचे तत्त्व निराळ्या रूपाने टिकून राहिले आहे.

मार्गदर्शकाने हात कोठे द्यावा, कोठे आवरावा

प्रकल्पाचा विचका बहुधा अखेरीस होत नाही, आरंभीच होतो. म्हणून मार्गदर्शकाचा अधिकांश वेळ पहिल्या पंधरवड्यात खर्च व्हावा.

विषयाची निवड : नवशिका नेहमी मोठा विषय आणतो. 'मधुमेही रुग्णांच्या चिकित्सेचा अभ्यास' हा विषय जन्मभर पुरेल. 'मधुमेही रुग्णांच्या केसपेपरवर गेल्या वर्षात पायांच्या तपासणीची नोंद आहे काय' हा विषय सहा आठवड्यांत संपेल आणि त्यातून एखाद्याचा पाय वाचेल. मार्गदर्शकाने विषय देऊ नये, पण आणलेला विषय लहान करून द्यावा.

कसोटीची भाषा : 'रुग्णांची नीट काळजी घेतली जावी' ही इच्छा झाली, तिला कसोटी म्हणता येत नाही. होय किंवा नाही असे उत्तर देता येईल, आणि दोन माणसांनी स्वतंत्रपणे तोच केसपेपर पाहिला तर दोघांचे उत्तर एकच येईल, असे वाक्य झाल्याशिवाय मोजणी सुरू करू देऊ नये.

वेळ : रुग्ण संपल्यावर रात्री नऊला बसून प्रकल्प कर, असे सांगणे म्हणजे तो करू नकोस असेच सांगणे होय. आठवड्यातून दोन तास निश्चित करून द्यावेत आणि त्या दोन तासांत त्याला दुसऱ्या कामास बोलावू नये.

मसुद्यावरील शेरे : मसुदा हाती आल्यावर तो स्वतःच लिहून काढण्याचा मोह अनेक ज्येष्ठांना आवरत नाही. त्यातून प्रकल्प सुंदर होतो, शिष्य मात्र जेथे होता तेथेच राहतो. शेरा प्रश्नरूप असावा : 'हे सहा रुग्ण का सुटले असावेत?', 'हे कोणाला विचारले?', 'हा बदल तू गेल्यावर कोण चालू ठेवील?' उत्तरे त्याने शोधावीत.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे संधायसंभाषा आणि विगृह्यसंभाषा असे दोन प्रकार सांगितले आहेत. मार्गदर्शकाची भाषा संधायसंभाषेची असावी. तीत अज्ञान उघड करण्यास शिष्य कचरत नाही. शिष्याला वादात जिंकणाऱ्या गुरूच्या हाती अखेर कोरी वही पडते.

सुश्रुताचार्यांनी योग्यासूत्रीय अध्यायात कोहळा, भोपळा, काकडी यांसारख्या फळांवर छेदनाचा सराव करून घेण्यास सांगितले आहे आणि त्याच्या पुढच्याच अध्यायात व्यवसायात पाऊल टाकण्यापूर्वी राजाची अनुज्ञा आवश्यक मानली आहे. सराव करून घेणारा गुरू वेगळा आणि अनुज्ञा देणारा राजा वेगळा, ही व्यवस्था वरील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी आहे.

गुरूच्या दवाखान्याचीही परीक्षा

या सर्व प्रकाराचा सर्वांत नाजूक भाग पुढेच आहे. प्रकल्प शिष्याचा असला तरी मोजला जातो तो गुरूचा दवाखाना. वीस चिठ्ठ्यांपैकी सहा अपुऱ्या निघाल्या, तर त्या कोणी लिहिल्या होत्या? बहुधा ज्येष्ठांनीच. अशा वेळी शिष्यापुढे दोन मार्ग असतात. जे आढळले ते लिहावे आणि गुरूची नाराजी ओढवून घ्यावी. किंवा सहाचे दोन करावेत आणि सर्वांना सुखी ठेवावे. प्रमाणपत्रावर ज्याची सही लागणार, त्याच्याच उणिवा मांडण्याचे धैर्य बाविशी-पंचविशीतील तरुणाकडून अपेक्षिणे योग्य नव्हे, जर ज्येष्ठाने त्याला आधी निर्भय केले नसेल.

म्हणून मोजणीपूर्वीच तीन गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगाव्यात. पहिली, जे निघेल ते लिहावयाचे. दुसरी, कोणत्या वैद्याच्या किती चिठ्ठ्या अपुऱ्या, असा व्यक्तिवार हिशेब अहवालात येणार नाही. उणीव दवाखान्याची म्हणून मांडली जाईल. तिसरी, मोजताना एखाद्या रुग्णाला तात्काळ धोका आहे असे दिसले, तर अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी ज्येष्ठांना सांगावयाचे आणि रुग्णाला बोलावून घ्यावयाचे. ही तिसरी गोष्ट अनेकदा राहून जाते. आकडा जमविण्याच्या भरात, तो आकडा म्हणजे एक माणूस आहे याचा विसर पडता कामा नये.

चरकाचार्यांनी त्याच अध्यायात अध्ययनाच्या आरंभी शास्त्राची परीक्षा सांगितली आहे आणि पाठोपाठ आचार्याचीही परीक्षा सांगितली आहे. ज्यांच्या परंपरेत शिष्याने आचार्याची परीक्षा करावी असे सांगितले आहे, त्यांना आपल्या दवाखान्यातील वीस चिठ्ठ्या तपासल्या गेल्याचा कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

वारंवार आढळणारे दोष

अशा स्वरूपाचे अहवाल तपासताना पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

१. पहिल्याच मोजणीत सर्व काही उत्तम. अशा वेळी विषय चुकीचा निवडला गेला असावा, अथवा मोजणी खरी नसावी. मूळ तक्ता मागून घ्यावा.
२. मानक मोजणीनंतर ठरविलेले. निघाले शेकडा ७०, आणि मानकही नेमके ७०. हे बाण मारून मग लक्ष्य रंगविणे झाले.
३. केलेला बदल म्हणजे 'सर्वांना सूचना दिली'. सूचनेचा परिणाम आठवडाभर टिकतो. केसपेपरचा नमुना, शिक्का, नोंदवही, काउंटरवरील पद्धत यांपैकी काही बदलले काय, ते पाहावे.
४. दुसरी मोजणी वेगळ्या पद्धतीने केलेली. आधी पन्नास केसपेपर ओळीने घेतले आणि नंतर निवडक पंधरा घेतले, तर तुलना होत नाही.
५. लहान संख्येवर मोठी टक्केवारी. चारपैकी तीन म्हणजे शेकडा ७५ हे गणित बरोबर. पण तेथे 'चारपैकी तीन' असेच लिहावे.
६. अहवालाची भाषा एका हाताची आणि निष्कर्षाची दुसऱ्या हाताची. दहा मिनिटे समोर बसवून 'हे कसे केलेस ते सांग' असे म्हटले की खरे-खोटे कळते. मौखिक प्रश्नोत्तरांना पर्याय नाही.

आपल्या दवाखान्यात काय करता येईल?

आपल्याकडे बी.ए.एम.एस.च्या साडेचार वर्षांनंतर एक वर्षाची आंतरवासिता आहे. या वर्षात, तसेच पदवीनंतर ज्येष्ठ वैद्यांकडे शिकण्यासाठी बसणाऱ्या तरुणांकडून, सहा ते आठ आठवड्यांचा एक लहान प्रकल्प सहज करवून घेता येईल. त्यासाठी संगणक किंवा खर्च लागत नाही. केसपेपर, एक वही आणि प्रामाणिकपणा एवढे पुरे. काही विषय सुचवावेसे वाटतात.

विरेचन किंवा अन्य शोधनकर्म योजण्यापूर्वी प्रजननक्षम वयातील स्त्रीरुग्णाच्या केसपेपरवर मागील रजोदर्शनाच्या तारखेची नोंद आहे काय? गर्भिणीस शोधन निषिद्ध आहे हे सर्वांना ठाऊक असते. प्रश्न ठाऊक असण्याचा नसून विचारल्याचा आहे. याचे मानक शेकडा शंभरच असावे.

रुग्ण मधुमेह, रक्तदाब किंवा रक्त पातळ ठेवण्यासाठी आधुनिक औषधे घेत असल्यास त्यांची नावे केसपेपरवर आहेत काय? रुग्ण आपण होऊन सांगत नाही, आणि घाईत विचारणे राहून जाते.

रसौषधी दिलेल्या रुग्णाच्या चिठ्ठीवर मात्रा, अनुपान, कालावधी आणि पुनर्तपासणीची तारीख या चारही गोष्टी आहेत काय? कालावधी न लिहिलेली चिठ्ठी रुग्ण वर्षभर वापरतो.

सांगितलेला भैषज्यकाल रुग्णाला बाहेर पडताना आठवतो काय? दहा रुग्णांना औषधाच्या काउंटरजवळ विचारून पाहावे. ही मोजणी एका दिवसात होते.

औषधविक्रेत्या बंधूंचा यात मोठा वाटा असू शकतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये समाविष्ट द्रव्ये असलेल्या, पोटात घ्यावयाच्या आयुर्वेदीय कल्पांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याविषयीची सावधानतेची सूचना छापावी लागते. असे कल्प आपल्या दुकानातून चिठ्ठीवाचून किती वेळा मागितले जातात आणि त्या वेळी ग्राहकाला काय सांगितले जाते, याची महिनाभराची नोंद हा एक उत्तम प्रकल्प होईल. जुनी चिठ्ठी घेऊन पुन्हा पुन्हा औषध नेणारे ग्राहक, मुदत संपलेल्या साठ्याची तपासणी, सारख्या नावांच्या कल्पांतून होणारी गल्लत, हेही विषय तेथेच आहेत. ही नोंद ग्राहकाला अडविण्यासाठी नसून, वैद्य व विक्रेता यांच्यात दुवा कोठे तुटतो हे पाहण्यासाठी आहे, एवढे भान ठेवावे. एखाद्या औषधाचा अनिष्ट परिणाम झाल्याचे या निमित्ताने आढळल्यास, आयुष मंत्रालयाच्या औषधदक्षता कार्यक्रमाकडे त्याची नोंद पाठवावी. दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थान या कार्यक्रमाचे राष्ट्रीय समन्वय केंद्र आहे.

मूल्यमापनासाठी दोन वैद्यांनी परस्परांच्या शिष्यांचे अहवाल वाचण्याची पद्धत ठेवावी. आपल्या शिष्याचा अहवाल शेजारच्या तालुक्यातील वैद्यांनी वाचावा आणि त्यांच्या शिष्याचा आपण. वर दिलेले आठ निकष एका कागदावर छापून घ्यावेत, प्रत्येकापुढे 'आहे' किंवा 'नाही' लिहावे, आणि 'नाही' असेल तेथे दोन ओळी कारणाच्या लिहाव्यात. गुणांची बेरीज नको, क्रमांक नकोत, बक्षीसही नको. अपुरा अहवाल महिनाभराच्या मुदतीने परत द्यावा.

गोपनीयता आणि मर्यादा

अहवालात रुग्णाचे नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक किंवा तो ओळखू येईल असा कोणताही तपशील नसावा, क्रमांक द्यावेत. नाव व क्रमांक यांची जोडणारी यादी दवाखान्यातच कुलपात राहावी आणि काम संपल्यावर नष्ट करावी. लहान गावात 'साठ वर्षांच्या निवृत्त मुख्याध्यापिका' एवढे लिहिले तरी साऱ्या गावाला कळते, हे लक्षात ठेवावे.

ठरलेल्या चिकित्सेची नोंद नीट होते किंवा नाही हे तपासणे वेगळे आणि नव्या कल्पाची रुग्णांवर परीक्षा करणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला संशोधन म्हणतात आणि त्यासाठी नीतिसमितीची संमती व रुग्णाची माहितीपूर्ण लेखी संमती आवश्यक आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ सालची मार्गदर्शक तत्त्वे या बाबतीत स्पष्ट आहेत. शिकाऊ वैद्याचा उत्साह पहिल्या प्रकारातून दुसऱ्यात केव्हा शिरतो हे त्याचे त्यालाही कळत नाही. तेथे मार्गदर्शकाने ठामपणे थांबवावे.

तसेच अशा प्रकल्पावरून आयुर्वेदीय चिकित्सेच्या गुणावगुणांविषयी काहीही सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच, की आपण जे करावयाचे ठरविले होते ते आपल्या दवाखान्यात खरोखर घडते किंवा नाही.

समारोप

आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती ही चार प्रमाणे आपण विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवितो. या लहानशा प्रकल्पात ती चारही एकत्र वापरावी लागतात. काय व्हावयास हवे हे आप्तोपदेशाने कळते, काय होते ते प्रत्यक्षाने दिसते, अंतर का पडले याचे अनुमान करावे लागते, आणि अनेक कारणांचा मेळ घालून कोणता बदल लागू पडेल हे ठरविण्यास युक्ती लागते. पुढे स्वतंत्र व्यवसायात त्या तरुणाच्या चिठ्ठ्या तपासणारे कोणी नसेल. तेव्हा त्या त्याने स्वतःच तपासाव्यात, ही सवय त्याला आपल्याकडे असतानाच लागली पाहिजे.

येत्या आंतरवासितेच्या तुकडीपासून प्रत्येक सभासदाने निदान एका विद्यार्थ्याकडून एक प्रकल्प पूर्ण करवून घ्यावा, आणि त्यापूर्वी स्वतःच्या दवाखान्यातील वीस केसपेपर एकदा स्वतः तपासून पाहावेत, अशी नम्र सूचना करून हा लेख संपवितो.